गाडी स्लोला टिकत नाही? गॅरेजला आणण्याआधी एवढं बघून ठेवा

(जुन्या पेट्रोल गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लातूर)

गंजगोलाईच्या गर्दीत गाडी थांबली की थरथरते, मग बंद पडते. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण उपायही सोबतच घेऊन येतात: "स्लो (रेस न देता इंजिन चालतं ती गती) थोडा वाढवून द्या." काम दोन मिनिटांचं आहे, पण आम्ही ते सहसा टाळतो. स्क्रू फिरवला की फेरे वाढतात आणि दोष झाकला जातो. पेट्रोल जास्त जातं, आणि गाडी पुन्हा बंद पडायला लागली की मूळ सेटिंग कुठे होतं हेही सापडत नाही. जुन्या छोट्या पेट्रोल गाड्यांचा स्लो साधारणपणे मिनिटाला ८०० ते १,००० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. तेवढ्यावर गाडी टिकत नसेल तर कारण दुसरीकडे आहे.

कधी बंद पडते, ते आधी सांगा

आम्हाला सगळ्यात जास्त मदत याच माहितीची होते. "कधीही बंद पडते" असं सांगितलंत तर शोधायला दिवस जातो. नेमकी वेळ कळली तर अर्धं काम झालं.

सकाळी गार असताना बंद पडते आणि तापल्यावर नीट चालते: चोक नीट लागत नसेल, नाहीतर स्लोचं पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झालं असेल, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे कंट्रोल युनिट मोजून पेट्रोल फवारतं) तापमानाचा सेन्सर बघावा लागतो.

गार असताना उत्तम, अर्ध्या तासाने बंद, थंड झाली की पुन्हा सुरू: इथे दोन शक्यता आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की कारबोरेटरच्या गाडीत (जिथे पेट्रोल आणि हवा कारबोरेटरमध्ये मिसळतात) पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. दुसरी शक्यता इग्निशन कॉईलची, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाची. तीही तापल्यावरच दगा देते. बंद पडल्यावर प्लगला ठिणगी येत असेल तर वाफेचा संशय धरायचा, येत नसेल तर कॉईलपासून शोधायचं. वाफ झाली असेल तर बॉनेट उघडून थांबा. गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवलं तरी चालतं, मात्र सायलेन्सरच्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका. इंजेक्शनच्या गाडीत हीच लक्षणं क्रँक सेन्सरमुळेही (इंजिनाचे फेरे मोजणारा) येतात.

पावसात किंवा धुऊन आणल्यावर मिसिंग (इंजिन मधेमधे अडखळतं): प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्यूटरची (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाची) टोपी बघावी लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून लांबून बघा. वायरीवर निळसर ठिणगी नाचताना दिसली तर ती वायर गेली. हात लावू नका, आणि चालू इंजेक्शन गाडीची प्लगची वायर तर कधीच काढू नका. कॉईल आणि कंट्रोल युनिट दोन्ही जायची भीती असते.

ब्रेक दाबला की थरथर बदलते आणि पेडल कडक लागतं: ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा भाग) किंवा त्याचा पाइप हवा ओढतोय. ही तक्रार "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून सोडू नका.

हवा ओढणे

रेस केल्यावर इंजिन नीट, सोडल्यावर थरथर: असं असेल तर आम्ही आधी व्हॅक्यूमचे (इंजिनाच्या ओढीवर चालणारे) रबरी पाइप बघतो. स्लोला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळपास बंद असतो, आत येणारी हवा मुळातच थोडी असते. त्यात एखाद्या तडकलेल्या पाइपातून चोरटी हवा घुसली की मिश्रण लगेच पातळ होतं. रेस केल्यावर तेवढीच चोरटी हवा जाणवत नाही. आपल्या उन्हात हे रबर लवकर कडक होतं. पाइप स्वस्त मिळतो, आणि एवढ्यासाठी कारबोरेटर खोलून घेतलेल्या बऱ्याच गाड्या आमच्याकडे येतात.

ई-२० पेट्रोल

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. कारबोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) गाड्या बऱ्याच अंशी स्वतःच जुळवून घेतात. कारबोरेटरला स्लोचं मिश्रण हाताने सेट करावं लागतं. जेट बदलायची घाई नको.

दुसरी अडचण पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. मुलगा पुण्यात, गाडी गावी शेडमध्ये, दिवाळीलाच चालते, अशा गाड्यांच्या टाकीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि पंप पेट्रोल तळातूनच उचलतो. टाकीच्या झाकणाचं रबर बघा. अशा शेडमध्ये उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, तेही बघून घ्या, विशेषतः सुगीनंतर.

प्लग

मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन तीन सिलिंडरचं. एक प्लग गेला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली. प्लग काळा, काजळीचा निघाला तर पेट्रोल जास्त. पांढरटला हवा जास्त. तेलकट निघाला तर इंजिनाच्या आतलं दुखणं. एकाच सिलिंडरचा प्लग वेगळा दिसला तर तिथे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावं लागेल. आणि हो, तीन सिलिंडरची गाडी नवी असतानाही थोडी थरथरायचीच. इंजिनाखालचं रबर दबल्यामुळे ती थरथर केबिनमध्ये येत असेल तर ते रबर (इंजिन फाउंडेशन) बदलून भागतं.

गॅसकिटच्या ओम्नीचं एवढंच: पेट्रोलवर नीट आणि गॅसवर बंद पडत असेल तर व्हेपोरायझर (द्रव गॅसची वाफ करणारा) आणि मिक्सर (गॅस हवेत मिसळणारा) बघावा लागतो. घरगुती सिलिंडर लावलेली गाडी आम्ही हातात घेत नाही.

आमची पद्धत

आधी एअर फिल्टर, पाइप, प्लग, वायरी, मग टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कारबोरेटर शेवटी. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडी साफ करतो आणि स्कॅनर लावतो, मात्र स्कॅनरने एखाद्या सेन्सरचं नाव दाखवलं म्हणून तो लगेच बदलत नाही. वायर तुटली तरी तेच नाव येतं. बदललेला जुना माल पिशवीत घालून तुम्हाला परत देतो.

गार गाडीचा दोष असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा. तापल्यावरचा दोष असेल तर चालवतच आणा, आणि आल्यावर इंजिन बंद करू नका. आधी आम्हाला बाहेर बोलवा.