मुक्त पत्रकारांसाठी शोधपत्रकारितेचा निधी : पात्रता, कागदपत्रे आणि संपादकाचे हमीपत्र

फिलिप स्टर्न यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत ‘फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम’ ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सीमोर हर्श या मुक्त पत्रकाराला संस्थेने २५० डॉलर दिले. त्यातून झालेल्या शोधामुळे व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी केलेले माय लाय हत्याकांड उजेडात आले आणि १९७० मध्ये त्या वार्तांकनाला पुलित्झर पुरस्कार मिळाला. बातमी हाती लागण्यापूर्वी जो खर्च खिशातून करावा लागतो, तो भागवण्यासाठीच हा निधी आहे. आता १०,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकते.

वृत्तांत इंग्रजीत आणि अमेरिकेतील माध्यमातून प्रसिद्ध व्हावा लागतो. विषय परदेशातील असल्यास अमेरिकी सरकार, कंपनी किंवा नागरिक यांच्याशी त्याचा ठोस संबंध दाखवावा लागतो. अर्जासोबत प्रस्ताव, खर्चाचे अंदाजपत्रक, स्वतःचा परिचय, प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे नमुने आणि वृत्तांत छापण्याची तयारी दर्शवणारे संपादकाचे पत्र जोडावे लागते.

यातील संपादकाचे पत्र सर्वांत आधी मिळवावे, असा माझा आग्रह आहे, कारण ते या अर्जात आणि सरकारी कागदपत्रे मागताना, अशा दोन ठिकाणी उपयोगी पडते. अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्यात २००७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, लेखन प्रसिद्ध होईल असा भक्कम आधार दाखवणाऱ्या मुक्त पत्रकाराला वृत्तमाध्यमाचा प्रतिनिधी मानले जाते. मग त्याला कागदपत्रे शोधण्याचे शुल्क पडत नाही, पहिली १०० पाने विनामूल्य मिळतात आणि त्यापुढे फक्त प्रतींचा खर्च द्यावा लागतो.

अंदाजपत्रकात ‘संशोधन खर्च’ अशी एकच मोघम ओळ लिहू नये. संघीय न्यायालयांच्या ‘पेसर’ या संकेतस्थळावर एका पानाला १० सेंट पडतात आणि बहुतेक दस्तऐवजांसाठी कमाल आकारणी ३ डॉलर असते. तेव्हा किती खटल्यांची किती पाने लागतील, याचा हिशेब मांडता येतो. प्रवास, मुक्काम आणि दुभाष्याचे मानधनही असेच वेगवेगळे दाखवावे. प्रस्तावात कोणती कागदपत्रे हाती आली आहेत आणि कोणती मिळवायची आहेत, हे स्पष्टपणे वेगळे करावे.

भारतात राहून लिहिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट अर्जापूर्वीच तपासावी. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार आणि संपादक यांना परकीय अंशदान, म्हणजे परदेशी स्रोताकडून मिळणारा पैसा, घेण्यास मनाई आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्श्राव्य बातम्या देणाऱ्या कंपन्यांच्या वार्ताहरांनाही ती लागू आहे. कलम ४ मध्ये मेहनतान्यासारखे काही अपवाद आहेत, परंतु अनुदान त्यात बसते असे आपणच गृहीत धरू नये. आपण कोणत्या वृत्तपत्रांसाठी कोणत्या नात्याने लिहितो, याचे कागद घेऊन या कायद्याची माहिती असलेल्या वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा आणि तो मिळेपर्यंत संस्थेला बँक खात्याचा तपशील कळवू नये.