हरळी, गुडघा आणि १० मीटरचं वर्तुळ

शेतातली हरळी खणून काढलेल्या माणसाला तिची पकड सांगावी लागत नाही. वरून उपटली तर हातात चार पाती येतात, काशा जमिनीत तशाच राहतात. जमिनीवर पसरणारे धुमारे आणि जमिनीखालच्या काशा मिळून अशी जाळी विणतात की कुदळही अडकावी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ऑस्ट्रेलियात तिला ‘काउच’ म्हणतात आणि तिथल्या कितीतरी मैदानांवर ती मुद्दाम लावतात. उन्हाला दाद देत नाही, तुडवली तरी पुन्हा उठते. मैदान राखणाऱ्याला आणखी काय हवं?

पण याच पकडीचा संबंध तिथल्या फुटबॉलपटूंच्या गुडघ्यांशी निघाला.

हा फुटबॉल म्हणजे आपण टीव्हीवर पाहतो तो नव्हे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिथल्या बोलीत ‘फुटी’. त्याचे नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर, एमसीजीसारख्या अवाढव्य जागेत, एका बाजूचे १८ जण उतरतात. चेंडूही लंबगोल. तो पायानं मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. ऑफसाइड नावाची गोष्टच नाही, त्यामुळे प्रतिस्पर्धी समोरून, पाठीमागून, बाजूनं, कुठूनही येऊन आदळू शकतो. आणि सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे ‘मार्क’. लांबून मारलेला चेंडू हवेतच झेलायचा, त्यासाठी वेळप्रसंगी पुढच्या खेळाडूच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढायचं. प्रेक्षक बघतात ती उडी. डॉक्टरांना काळजी असते ती उतरण्याची. तो खेळाडू गर्दीत, तोल गेलेला असताना, बहुतेकदा एकाच पायावर जमिनीवर येतो.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारे दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदतात. पुढचा एसीएल, मागचा पीसीएल. एसीएलची लांबी जेमतेम ३ सेंटीमीटर. नडगी पुढे घसरू द्यायची नाही आणि गुडघा पिळवटू द्यायचा नाही, हे त्याचं काम. आता बुटाचे खिळे गवतात रुतलेत, पाऊल जागचं हलत नाही आणि वर धड मात्र वळलंय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. तो सगळा पीळ मधल्या ३ सेंटीमीटरवर येतो. एसीएल तुटतो तेव्हा बहुतेक वेळा खेळाडूला कुणी हातही लावलेला नसतो. आपल्याकडे कबड्डीत चढाई करताना गर्रकन वळणाऱ्या पोराचं ‘लिगामेंट गेलं’ म्हणतात, ते बहुधा हेच.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगनं, म्हणजे एएफएलनं, १९९२पासून दरवर्षी दुखापतींची मोजदाद ठेवली आणि ती लोकांसमोर मांडली. कोणता अवयव, किती दुखापती, किती सामने बुडाले. या कामामागे सिडनीचे क्रीडावैद्यक डॉ. जॉन ऑर्चर्ड यांचं नाव ठळक आहे. पुढे ते ऑस्ट्रेलियन क्रिकेटचेही मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. त्यांनी एसीएलच्या नोंदी हवामानाच्या नोंदींशेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं की पाऊस कमी झाला आणि जमिनीतून बाष्पीभवन जास्त झालं, की एसीएल जास्त तुटतात. मग गवताकडे लक्ष गेलं. २००५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की राय गवताच्या मैदानांवर अशा दुखापती हरळीच्या मैदानांपेक्षा कमी होतात. राय गवत झुपक्यानं वाढतं, काशा टाकत नाही, त्याची जाळी विरळ असते. पाय वळला की बुटाचा खिळा सुटून येतो. हरळीत तो अडकून बसतो.

गवत हा एकटाच गुन्हेगार नव्हे. मांडीच्या हाडातली खाच अरुंद असणं, नडगीच्या माथ्याचा उतार जास्त असणं, स्नायूंचं वळण, बुटाची जात, सगळं मिळून ही दुखापत घडते. स्त्रियांच्या स्पर्धेत एसीएल तुटण्याचं प्रमाण पुरुषांच्या कित्येक पट आहे, आणि त्याला शरीररचनेइतकंच मुलींना लहानपणापासून उडी आणि उतरणं नीट न शिकवणंही कारणीभूत असावं असं मला वाटतं. तरीही गवताचा शोध मला फार मोलाचा वाटतो. ‘नशीब फुटकं’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीतला निदान एक धागा कुणीतरी हातात पकडला होता.

१९५४ साली हे मोजणारं कुणी नव्हतं. एसेंडन संघाचा जॉन कोलमन तेव्हा २५ वर्षांचा होता. १९४९मध्ये त्यानं पहिल्याच सामन्यात १२ गोल केले होते, आणि त्याच मोसमातला शंभरावा गोल थेट अंतिम सामन्यात. मार्क घ्यायला तो असा उडायचा की प्रतिस्पर्धी संघाचे पाठीराखेही त्याला बघायला येत. १९५४च्या मोसमात एका आठवड्यात त्यानं १४ गोल केले. पुढच्याच सामन्यात तो पडला आणि गुडघा निखळला. तेव्हा एमआरआय नव्हतं. गुडघ्याच्या आत डोकवायचं तर तो चिरून उघडावा लागे. परतायचे प्रयत्न त्यानं केले, पण एसेंडनकडून पुन्हा तो खेळला नाही. ९८ सामने, ५३७ गोल, सामन्यामागे जवळपास साडेपाच. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यानं एसेंडनला १९६२ आणि १९६५ची विजेतेपदं मिळवून दिली, आणि १९७३मध्ये ४४व्या वर्षी तो गेला. आज मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळतं ते पदक त्याच्या नावाचं आहे.

मोजदादीचा सगळ्यात स्वच्छ फायदा झाला तो मागच्या अस्थिबंधाला, पीसीएलला. २०२५पर्यंत सामना सुरू करताना पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू जमिनीवर आपटून उंच उसळवायचा आणि दोन्ही संघांचे सगळ्यात धिप्पाड गडी, ‘रकमन’, तो मिळवायला धावत येऊन उडायचे. दोघांचे गुडघे वाकलेले, वेग भरपूर. नडगीचा वरचा भाग समोरच्यावर आदळतो आणि नडगी मागे ढकलली जाते. दुचाकीच्या अपघातात किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर गुडघा आपटल्यावर पीसीएल तुटतो तो अगदी असाच. दुखापतींच्या तक्त्यात रकमन वेगळे उठून दिसू लागले. मग २००५मध्ये मैदानाच्या मध्यावर १० मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं गेलं. रकमननं त्याच्या आतूनच धाव घ्यायची. धाव आखूड झाली, वेग घटला, आणि वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. पीसीएलच्या दुखापती उतरल्या. चुन्याची एक गोल रेघ, बस.

तुटलेला एसीएल मात्र सहसा आपोआप सांधला जात नाही. जखम भरायला आधी रक्ताची गुठळी जमावी लागते, तिच्या आधारानं नव्या पेशी येतात. सांध्यातल्या वंगणात ती गुठळी टिकतच नाही, आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर होतात. म्हणून खेळाडूच्या स्वतःच्या मांडीमागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध घेऊन हाडात भोकं पाडून बसवतात. बसवलेला तुकडा पहिल्या काही महिन्यांत घट्ट होत जात नाही, आधी कमकुवत होतो. त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग हळूहळू त्याचा अस्थिबंध बनतो. वेदना मात्र फार आधी थांबलेली असते. खेळाडूला वाटतं आपण बरे झालो, आणि तेच दिवस सगळ्यात नाजूक असतात. साधारण ९ ते १२ महिने थांबायला सांगतात ते यासाठी.

सिडनी स्वान्सच्या अॅलेक्स जॉन्सनची गोष्ट वाचताना मला दर वेळी जड जातं. २०१२चा अंतिम सामना जिंकलेल्या संघातला तो तरुण बचावपटू. पुढच्या वर्षी मोसमाआधीच डावा एसीएल गेला. दुरुस्त केला, पुन्हा गेला, पुन्हा. पाच वेळा गुडघ्याची पुनर्रचना. जवळपास सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१८मध्ये, तो परत मैदानात उतरला. दुसऱ्याच सामन्यात उजवा एसीएल तुटला. ज्याचा एक एसीएल गेलाय त्याला दुसऱ्याचाही धोका जास्त असतो. हाडांची ठेवण दोन्ही पायांत सारखीच असते, शिवाय दुखऱ्या पायाला जपताना शरीर नकळत भार दुसरीकडे टाकायला शिकतं. जॉन्सन एएफएलमध्ये एकूण ४७ सामने खेळला.

गुडघ्यात निदान दुसरीकडचा तुकडा आणून बसवता येतो. मेंदूचं तसं नाही.

मेंदू साधारण १.४ किलोचा, पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा, आणि आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप मऊ. स्टीलच्या डब्यात खरवस आहे असं समजा. डबा हातात धरून झटकन फिरवला आणि थांबवला, तर डबा थांबतो, आतला खरवस थांबत नाही. त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. डब्याला बाहेरून कितीही फोम गुंडाळला तरी आतलं हे सरकणं फारसं बदलत नाही. फुटीतले काही खेळाडू मऊ हेल्मेट घालतात, त्यानं खरचटणं वाचतं, कन्कशन, म्हणजे धक्क्यानं मेंदूचं काम विस्कटणं, वाचतं असं नाही.

चेतापेशींचे लांब तंतू या सरकण्यात ताणले जातात. पेशीतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि हा समतोल पूर्ववत करायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये यातलं काही दिसत नाही. या अवस्थेत दुसरा तडाखा बसला तर नुकसान वाढतं. म्हणून एएफएलनं २०२१मध्ये कन्कशननंतर परतायची किमान मुदत १२ दिवसांची केली.

पॅडी मॅकार्टिन २०१४च्या, संघांनी नवे खेळाडू उचलण्याच्या वार्षिक निवडीत संपूर्ण देशातून पहिल्या क्रमांकावर उचलला गेला होता. सेंट किल्डाकडून जेमतेम ३५ सामने झाले, आणि २०१९पर्यंत त्याची आठ कन्कशन मोजली गेली होती. संघानं सोडलं. मग सिडनीनं संधी दिली, २०२२चा अंतिम सामना तो सख्ख्या भावाच्या जोडीनं खेळला. एप्रिल २०२३मध्ये पुन्हा डोक्याला मार बसला आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

वारंवार मार बसलेल्या मेंदूत ‘टाऊ’ नावाचं प्रथिन बिघडतं. एरवी ते चेतातंतूच्या आतल्या बारीक नळ्या जागच्या जागी धरून ठेवतं. तिथून सुटलं की त्याचे गुंते होतात, आणि हे गुंते मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतात. पीळ बसल्यावर ताण तिथेच जास्त येतो. या आजाराला सीटीई म्हणतात. मुष्टियोद्ध्यांमधली त्याची लक्षणं १९२८मध्येच नोंदली गेली होती, फुटीपर्यंत ही जाणीव पोचायला नव्वद वर्षं लागली. खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतर, मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. त्यासाठी सिडनीत २०१८पासून ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँक काम करते. तिथल्या पहिल्या २१ मेंदूंपैकी १२मध्ये सीटीई सापडला. ज्यांना त्रास दिसला त्यांचेच कुटुंबीय मेंदू देण्याची शक्यता जास्त, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. रिचमंडकडून १७३ सामने खेळलेला शेन टक ३८व्या वर्षी गेला, त्याच्या मेंदूत तो तीव्र स्वरूपात होता.

आणि हेदर अँडरसन. स्त्रियांची एएफएल २०१७मध्ये सुरू झाली, त्या पहिल्याच वर्षी ॲडलेडनं विजेतेपद मिळवलं, त्या संघातली ती गुलाबी हेल्मेटवाली खेळाडू. अंतिम सामन्यात खांदा निखळला आणि तिची कारकीर्द एका मोसमातच संपली. नोकरी सैन्यात, वैद्यकीय पथकात. नोव्हेंबर २०२२मध्ये, २८व्या वर्षी, तिनं आपलं आयुष्य संपवलं. कुटुंबानं मेंदू दान केला, आणि त्यात सीटीई आढळला. व्यावसायिक क्रीडापटू स्त्रीमध्ये तो आढळल्याची ही जगातली पहिली नोंद. तिच्या मृत्यूचं कारण सीटीईच होतं असं म्हणता येत नाही, आणि तसं कुणी म्हणूही नये. पण लहानपणापासून संपर्काचे खेळ खेळलेल्या मुलीच्या मेंदूत अठ्ठाविसाव्या वर्षी ते गुंते होते, एवढं खरं आहे.

पीसीएलसाठी आखलं तसं वर्तुळ डोक्यासाठी आखणं अवघड आहे, कारण धडक मैदानात कुठेही होते आणि सरावातही होते. टकच्या मृत्यूच्या चौकशीनंतर व्हिक्टोरियाच्या कॉरोनरनं सरावातल्या धडकांवर मर्यादा घालायची शिफारस केली. मला ती सगळ्यात शहाणी वाटते. सामन्यातल्या धडका कमी करायच्या तर खेळ बदलावा लागेल, सरावातल्या धडका कमी करायला फक्त वेळापत्रक बदलावं लागतं.

सप्टेंबर २०२३मध्ये एमसीजीवर मेलबर्न आणि कॉलिंगवूड यांच्यात मोसमाअखेरच्या ‘फायनल्स’ मालिकेतला सामना होता. मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉनं चेंडू मारला, तो अडवायला कॉलिंगवूडच्या ब्रेडन मेनार्डनं हवेत झेप घेतली आणि उतरता उतरता त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ हेल्मेट घालून खेळायचा. तो जागीच बेशुद्ध झाला. लवादानं मेनार्डला दोषमुक्त केलं, झेप घेणं त्या दिवशीच्या नियमांत बसत होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये नव्या स्कॅनमध्ये ब्रेशॉच्या मेंदूत सूक्ष्म बदल दिसले आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं तो २८व्या वर्षी थांबला, १६७ सामन्यांवर. त्याच वर्षीच्या मोसमापासून, अडवायला झेप घेऊन समोरच्याच्या डोक्यावर जोरात आदळणं हा निष्काळजीपणा धरला जाऊ लागला.