फ्लोअर सीट (बाळाची)

स्वतःच्या बळावर अजून बसता न येणाऱ्या बाळाला जमिनीवर बसते ठेवणारे, पाय नसलेले बुटके आसन. मराठीत त्याला रूढ नाव नाही. ऑनलाइन बाजारात ‘बेबी सीट’, ‘बेबी सोफा’ असे शोधले की सापडते. बाळ मान धरू लागल्यापासून, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, ते पक्के बसते होईपर्यंत याचा वापर होतो. बाळाला बसायला शिकवणारे साधन म्हणून ते घेतले जाते, पण हा दावा तपासूनच घ्यावा असा आहे.

या आसनाचे सर्वांत परिचित रूप दक्षिण आफ्रिकेतील ‘बंबो’ या कंपनीने आणले. पॉलियुरेथेन फोमचा एकसंध ठोकळा, खोलगट बूड, पाय घालायला दोन भोके आणि मध्ये उंचवटा अशी त्याची घडण असते. याशिवाय ट्रे लावलेली घडीची कापडी आसने, हवा भरायची आसने आणि हत्ती-अस्वलांच्या आकाराची मऊ, कापूस भरलेली आसनेही मिळतात. या शेवटच्या प्रकारात आधार सर्वांत ढिला असतो. बाळ एका कुशीवर कलंडते आणि तसेच राहते.

बसणे म्हणजे पाठ ताठ ठेवणे एवढेच नव्हे. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ दोन्ही हात पुढे टेकून तिपाईसारखे बसते, डुगडुगते, कलंडते, पुन्हा सावरते. या सावरण्यातूनच पोटाचे व पाठीचे स्नायू तोल साधायला शिकतात. पडताना हात टेकण्याची प्रतिक्रिया आधी पुढच्या बाजूला, मग कडेला आणि सर्वांत शेवटी मागच्या बाजूला येते. खोलगट आसनात कंबर मागे कलते, पाठ गोल होते आणि तोल जाण्याची सोयच उरत नाही. त्यामुळे सावरण्याचा सरावही होत नाही. मराठीत ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि हे आसन दुसऱ्या क्रियापदाचे काम करते. त्याने बाळ लवकर बसू लागते असे सिद्ध झालेले नाही.

म्हणून आधार देऊन बसवणे निरुपयोगी ठरते असे नाही. केनियातील कोकवेत या गावी किप्सिगिस समाजाच्या बाळांचा संशोधक चार्ल्स सुपर यांनी अभ्यास केला व तो 1976 मध्ये प्रसिद्ध केला. तेथे बाळाला बसायला मुद्दाम शिकवतात. जमिनीत छोटा खळगा खणून, भोवती कापडाचा आधार देऊन त्याला त्यात बसवतात आणि हे रोज करतात. ही बाळे अमेरिकी बाळांपेक्षा सुमारे एक महिना आधी बसत होती. जे शिकवले जात नव्हते, त्या रांगण्यात मात्र ती पुढे नव्हती. खळगा हेही एक आसनच, पण तिथे शिकवणारे माणूस शेजारी असते. आपल्याकडे सतरंजीवर पाय फाकवून बसलेली आई किंवा आजी मध्ये बाळाला बसवते, मागे-पुढे लोड-उशा लावते, आणि ते सावरू लागले की एकेक उशी काढून घेते. फोमच्या आसनाला हे उशी काढून घेणे जमत नाही.

‘बंबो’ म्हटल्यावर मराठी वाचकाला न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवेल. संबंध काही नाही, पण न्हाणीघराबद्दल एक सूचना इथेच देणे सोयीचे: हे आसन अंघोळीसाठी नसते, पाण्यात तर मुळीच नको. आजवरचे बहुतेक गंभीर अपघात मात्र पाण्यात नव्हे, उंचीवरून पडून झाले. आसन टेबलावर किंवा ओट्यावर ठेवले जाते, बाळ पाठ मागे ताणते आणि बाहेर निसटते. ऑक्टोबर 2007 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सुमारे 10 लाख बंबो आसनांबाबत सूचना काढून इशारा ठळक करायला लावला. तेव्हा पडण्याच्या 28 नोंदी होत्या, त्यांपैकी तिघांच्या कवटीला तडा गेला होता. इशाऱ्याने भागले नाही. ऑगस्ट 2012 मध्ये सुमारे 40 लाख आसनांसाठी कंपनीला बाळाला आसनात बांधून ठेवणारे पट्टे मोफत द्यावे लागले. पट्टा आला तरी आसन जमिनीवरच ठेवायचे, हा नियम कायम राहिला.

वापरायचेच तर मान पूर्ण धरलेली असावी, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरे, आणि मोठे माणूस समोर असावे. बाळ पेंगले तर लगेच उचलून पाठीवर झोपवावे. बसल्या जागी मान पुढे पडली की श्वासमार्ग दबू शकतो. गुबगुबीत मांड्या भोकांत रुतत असतील तर ते आसन त्या बाळासाठी नाही. उरलेला वेळ पोटावर, कुशीवर, मोकळ्या चटईवर जावा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भारतासह पाच देशांतील बाळांच्या अभ्यासात आधाराशिवाय बसण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने इतका विस्तृत आढळला. शेजारचे बाळ पाचव्या महिन्यात बसले म्हणून आसन आणण्याची घाई नको. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. नऊ महिने झाले तरी बसत नसेल, किंवा अंग फार सैल वा फार ताठ वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. सेरेब्रल पाल्सीसारख्या (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल व तोल यांवर परिणाम होणाऱ्या) स्थितीत फिजिओथेरपिस्ट पाठीला काटकोनी आधार देणारी ‘कॉर्नर चेअर’ वापरतात. ती दिसायला याच जातीची, पण प्रत्येक मुलाच्या मापाने बसवून घेतलेली असते, आणि मुलाची ताकद वाढेल तसा तिचा आधार कमी करता येतो.