कासच्या गर्दीआधीच उरकून घेणारा सापकांदा
रानफुलं म्हटलं की सगळ्यांच्या गाड्या सप्टेंबरात कासला, पण आपल्या पन्हाळ्याकडच्या उतारांवर नाहीतर राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात मृगाचे पहिले पाऊस पडले की लगेच सापकांदा वर येतोय, पान नाही बिन नाही, डायरेक्ट फूलच. वरनं पांढराशुभ्र फणा, आत घशाशी जांभळट.

आता गंमत बघा, तो फणा म्हणजे फूल नव्हेच, ते बदललेलं पान हाय. खरी फुलं आत दांड्याच्या बुडाशी, एकदम बारकी, आणि एका झाडाला बहुतेक करून एकतर नर नाहीतर मादी. ते ठरतंय जमिनीतल्या कांद्यावर: कांदा लहान असला तर नर, चांगला पोसला की मादी, कारण फळं धरायची तर साठा पाहिजे. फळं धरून कांदा खंगला तर तेच झाड पुढच्या वर्षी परत नर!

परागीभवन करतात बुरशीवर जगणारी बारकी चिलटं. ती आत घसरतात आणि वर चढता येत नाही. सापकांद्याच्या भाऊबंदांत बऱ्याच ठिकाणी असं दिसलंय की नराच्या बुडाशी एक फट असते, तिथनं चिलट पराग घेऊन सुटतंय, पण मादीला फटच नाही, त्यामुळं बहुतेक चिलटं आतच मरतात. लई बेरकी कारभार.

म्हणून याला सावलीतला, पालापाचोळा कुजलेला ओला उतार लागतो, कारण बुरशी तिथंच आणि चिलटं पण तिथंच. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावतात तेव्हा कांदा जमिनीत वाचत असेल, पण पाचोळा जातो त्याचं काय?

जाता जाता, याची सह्याद्रीतली एक जात १९९० च्या दशकात आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. एस. आर. यादव सरांनी सहकाऱ्यांबरोबर जगापुढं आणली, कोल्हापुरात किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक.

फुलानंतर छत्रीसारखं पान येतं आणि मादीला हिरव्या दाण्यांचं कणीस, ते पिकल्यावर लालभडक. दिसायला कितीबी भारी असलं तरी तोंडात घालू नका, अळू-सुरणाच्याच घराण्यातलं हाय, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, घसा धरतो. आणि कुंडीत लावायला म्हणून जे जाडजूड झाड बघून उपटतात ना, ती बहुतेक मादीच असते, म्हणजे त्या उतारावरचं बीच गेलं.