आर्बिट्ररी तरंगनिर्मिती : सॅम्पल रेट आणि मेमरी

आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटर हे हव्या त्या आकाराचा विद्युत संकेत काढून देणारे उपकरण. साधा फंक्शन जनरेटर साइन, चौकोनी, त्रिकोणी अशा ठरीव लहरी देतो. इथे लहर बिंदूंच्या रूपाने मेमरीत भरतात आणि ते बिंदू क्रमाने डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरकडे, म्हणजे आकड्यांचा विद्युतदाब करणाऱ्या भागाकडे, जातात. सेकंदाला जितके बिंदू जातात तो सॅम्पल रेट. लागणारे बिंदू म्हणजे सॅम्पल रेट गुणिले लहरीचा कालावधी. हिशेब एवढाच, पण अडते ते इथेच.

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद मेमरीत भरायचा, असे समजू. चार तारांच्या एका सावकाश आवर्तनाला पाच सेकंद धरले. जवारीमुळे, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घडणीमुळे आणि तिच्यावरच्या दोऱ्यामुळे, उठणारे स्वरांश मात्र कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत पोचतात, आणि नायक्विस्टच्या निकषाने सॅम्पल रेट सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त लागतो. ऑडिओ सीडीचा सेकंदाला ४४,१०० हा दर घेतला तर २,२०,५०० बिंदू होतात. १६ बिटांच्या बिंदूला दोन बाइट, म्हणजे ४,४१,००० बाइट. ६५,५३६ बिंदूंच्या मेमरीत यातले दीड सेकंदही मावत नाही. आवर्तन पुरते बसवायचे तर दर सुमारे १३,१०७ वर उतरवावा लागतो आणि साडेसहा हजार हर्ट्‌झच्या वरचे सारे गमवावे लागते. घोडीवरचा दोरा काढून घ्यावा तसा नाद बोथट होतो. दर उतरवण्याआधी हे वरचे अंश फिल्टरने गाळले नाहीत तर आणखी वाईट : ते खालच्या पट्टीत दुमडून येतात आणि तंबोऱ्यात नसलेले सूर ऐकू येतात. शिवाय आवर्तनाचा शेवटचा बिंदू पहिल्याशी जुळला नाही, तर दर फेरीला ‘टक्’ असा आवाज येतो.

मेमरी वाचवण्याचा रास्त मार्ग म्हणजे सिक्वेन्सिंग. ईसीजीसारख्या लहरीत ठोक्याचा तुकडा एकदा साठवायचा, दोन ठोक्यांमधल्या सपाट रेषेचा छोटा तुकडा हवा तितक्या वेळा फिरवायचा.

डीडीएस (डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस) पद्धतीत घड्याळाचा वेग कायम असतो आणि फेज ॲक्युम्युलेटर, म्हणजे घड्याळाच्या दर ठोक्याला ठरावीक आकडा मिळवत जाणारा गणक, कोणता बिंदू उचलायचा ते ठरवतो. १०० मेगाहर्ट्‌झचे घड्याळ आणि ३२ बिटांचा ॲक्युम्युलेटर असेल तर वारंवारता सुमारे ०.०२३ हर्ट्‌झच्या पायरीने बदलता येते. साइनसाठी ही सोय उत्तम. पण ४,०९६ बिंदूंची लहर २४.४ किलोहर्ट्‌झच्या वर नेली की बिंदू गाळले जाऊ लागतात, आणि एकाच बिंदूएवढा अरुंद काटा एखाद्या फेरीत दिसतो, पुढच्या फेरीत नाहीसा होतो. अशा लहरींसाठी प्रत्येक बिंदू वाचणारी आणि घड्याळाचाच वेग बदलणारी पद्धत बरी.

साताऱ्याच्या कोयनेचे उदाहरण नेमके उलटे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची धरणात टिपलेली त्वरणनोंद रचनांच्या भूकंप-अभ्यासात वारंवार वापरली जाते. शेक टेबल (रचनेचा नमुना ठेवून भूकंपासारखे हलवायचे टेबल) हलवण्यासाठी तिचा दहा सेकंदांचा भाग सेकंदाला १०० बिंदूंनी घेतला तरी १,००० बिंदू पुरतात; मेमरीची चिंताच नाही. इथे पाहायचे ते दोन बिंदूंमधल्या पायऱ्या. त्या गुळगुळीत करणारा फिल्टर या संथ दराला साजेसा, ५० हर्ट्‌झच्या आत कापणारा नसेल, तर टेबल भूकंपाबरोबर त्या पायऱ्यांचेही धक्के खाते.