क्युबावरची व्यापारबंदी : बाकीचे देश का चिडले?

अमेरिकेच्या क्युबावरील व्यापारबंदीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पहिले मतदान झाले २४ नोव्हेंबर १९९२ रोजी. ठरावाच्या बाजूने ५९, विरोधात ३ (अमेरिका, इस्रायल, रुमानिया) आणि तटस्थ ७१. व्यापारबंदी तर तेव्हा तीस वर्षे जुनी होती. मग इतकी वर्षे हा ठराव का आला नाही, आणि पुढे तटस्थांची संख्या जवळपास शून्यावर कशी आली? क्युबाबद्दलच्या प्रेमाने याचे उत्तर फारसे मिळत नाही. त्यासाठी त्याच वर्षीचा एक अमेरिकी कायदा पाहावा लागतो.

आधी मूळ भांडण. जून १९६० मध्ये क्युबातील टेक्साको, एसो आणि शेल यांच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी सोव्हिएत कच्चे तेल शुद्ध करायला नकार दिला. कॅस्ट्रो सरकारने ते कारखाने ताब्यात घेतले. जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अमेरिका क्युबाकडून घेत असलेल्या साखरेचा त्या वर्षीचा उरलेला कोटा, म्हणजे सुमारे ७ लाख टन, कापला. क्युबाने अमेरिकी मालमत्तांच्या राष्ट्रीयीकरणाचा सपाटाच लावला. १९ ऑक्टोबरला अन्न आणि औषधे वगळून क्युबाला होणारी बाकी अमेरिकी निर्यात बंद झाली. केनेडींनी ३ फेब्रुवारी १९६२ रोजी जवळजवळ सगळाच व्यापार बंद करणाऱ्या घोषणेवर सही केली आणि ७ तारखेपासून ती लागू झाली. जप्त मालमत्तांच्या भरपाईचे ५,९१३ दावे अमेरिकेच्या आयोगाने पुढे मान्य केले. ते आजही थकलेले आहेत. अमेरिकेची बाजू समजून घेताना हा आकडा विसरून चालत नाही.

इथपर्यंत बाहेरच्यांचे म्हणणे साधे होते : तुमचा माल, विकायचा नसेल तर विकू नका. खटके उडू लागले ते दुसऱ्याच्या मालावरून. जानेवारी १९६४ मध्ये ब्रिटनच्या लेलँड कंपनीने (आपल्या अशोक लेलँडच्या नावातली तीच) क्युबाला ४०० बस विकण्याचा करार केला. वॉशिंग्टनने नाराजी कळवली, लंडनने ऐकले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिका खंडांतील राष्ट्रांच्या संघटनेने (ओएएस) सदस्यांना क्युबाशी संबंध तोडायला सांगितले. मेक्सिकोने ते तोडले नाहीत.

१९७४ चा अर्जेंटिनाचा प्रसंग अधिक बोलका आहे. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्या तिथल्या कारखान्यांत बनलेल्या गाड्या क्युबाला विकायच्या होत्या. अमेरिकी नियम उपकंपन्यांनाही लागू, म्हणून परवानगी नाही. अर्जेंटिनाचे म्हणणे असे, की आमच्या भूमीवर नोंदलेली कंपनी आमचा कायदा पाळेल. शेवटी अमेरिकेनेच परवाने दिले, आणि १९७५ मध्ये परदेशातील उपकंपन्यांच्या व्यापाराला सर्वसाधारण सवलत मिळाली. विरोधाची धार तेव्हा बरीच बोथट झाली.

ऑक्टोबर १९९२ च्या टोरिसेली कायद्याने नेमकी हीच सवलत काढून घेतली. सोव्हिएत संघ कोसळलेला, क्युबाचा मुख्य गिऱ्हाईक गेलेला. आता आणखी दाबले तर सरकार पडेल असा हिशेब होता. व्यापारासाठी क्युबाच्या बंदरात गेलेल्या जहाजाला परवान्याशिवाय १८० दिवस अमेरिकी बंदरात मालाची चढउतार करता येणार नाही, अशीही अट आली. छोट्या बेटासाठी अर्धी खेप नेणाऱ्या जहाजमालकाला हे परवडत नाही. तो एक तर नकार देतो किंवा भाडे वाढवतो. ब्रिटन आणि कॅनडाने त्याच महिन्यात आपल्या कंपन्यांना हा कायदा पाळण्यास मनाई करणारे आदेश काढले. आमसभेतले पहिले मतदान त्याच्या पुढच्याच महिन्यात झाले.

२४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्युबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतील क्युबन निर्वासितांच्या गटाची दोन छोटी विमाने पाडली. चार जण ठार झाले. १२ मार्चला क्लिंटन यांनी हेल्म्स-बर्टन कायद्यावर सही केली. त्याच्या तिसऱ्या भागाने जप्त मालमत्तेचा वापर करणाऱ्या परदेशी कंपन्यांवर अमेरिकी न्यायालयात दावा लावण्याची वाट उघडली, चौथ्याने त्यांच्या अधिकाऱ्यांचा व्हिसा अडवला. कॅनडाच्या शेरिट खाणकंपनीच्या संचालकांना याचा पहिला फटका बसला. शिवाय व्यापारबंदीच कायद्यात बांधली गेल्याने ती पूर्ण उठवणे एकट्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती राहिले नाही.

आता तटस्थ राहणे मित्रदेशांनाही जमेना. १९९६ मध्ये ठरावाला १३७ मते पडली. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि आपल्या कंपन्यांना हा कायदा पाळायला बंदी करणारा नियम (क्रमांक २२७१/९६) केला. कॅनडा आणि मेक्सिकोनेही तसेच कायदे केले. एप्रिल १९९७ मध्ये तडजोड होऊन तक्रार बाजूला ठेवली गेली आणि तिसरा भाग दर सहा महिन्यांनी स्थगित होत राहिला. ती स्थगिती २ मे २०१९ रोजी ट्रम्प प्रशासनाने संपवली.

प्रतिकायद्यांचा अनुभव मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. १९९७ मध्ये वॉलमार्टच्या कॅनडातील दुकानांनी क्युबात शिवलेले पायजमे विक्रीतून काढले. ते ठेवले तर अमेरिकी कायदा मोडतो, काढले तर कॅनडाचा! काही दिवसांत ते परत मांडणीवर आले. २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या बावाग बँकेने, अमेरिकी फंड तिला विकत घेत असल्याने, शंभरेक क्युबन ग्राहकांची खाती बंद केली. ऑस्ट्रिया सरकारने कारवाई सुरू केल्यावर आणि अमेरिकेने सूट दिल्यावर ती पुन्हा उघडली. अशी उदाहरणे थोडी आहेत. एरवी बँक ‘व्यावसायिक कारण’ दाखवून गप्पपणे नकार देते आणि ते खोटे ठरवणे अवघड असते. डॉलरचे व्यवहार बहुतेक न्यूयॉर्कमधून वळते होतात, त्यामुळे दंडाची भीती खरी आहे : २०१४ मध्ये बीएनपी पारिबाने सुदान, इराण आणि क्युबाशी संबंधित व्यवहारांपोटी जवळपास ९ अब्ज डॉलर भरायचे मान्य केले.

अन्नाचा मुद्दा वादात नेहमी येतो. २००० च्या कायद्यानंतर अमेरिकी अन्नधान्य आणि कोंबडी क्युबाला विकता येते, पण रोख आणि आगाऊ, उधारी नाही. क्युबा ‘नाकेबंदी’ म्हणतो, अमेरिका ‘व्यापारबंदी’. ऑक्टोबर १९६२ च्या क्षेपणास्त्र संकटाचे काही आठवडे सोडले तर अमेरिकी आरमाराने बेटाला वेढा घातलेला नव्हता, त्यामुळे वर सांगितलेल्या दशकांसाठी ‘व्यापारबंदी’ हाच शब्द जास्त अचूक. मात्र क्युबाच्या सरकारी नियोजनाचे सगळे दोष निर्बंधांवर ढकलणे जसे पटत नाही, तसेच ‘अन्न तर विकतोच’ म्हणून उधारीबंदी आणि जहाजबंदी विसरणेही.

ठराव बंधनकारक नाही, तरी दरवर्षी येतो. भारत त्याच्या बाजूने मत देत आला आहे. २६ ऑक्टोबर २०१६ ला, ओबामांच्या काळात, १९१ विरुद्ध शून्य असा निकाल लागला : अमेरिका आणि इस्रायल तटस्थ राहिले. २०२४ मध्ये १८७ विरुद्ध २. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने मतांसाठी जोर लावल्यावर १६५ विरुद्ध ७, तटस्थ १२. विरोधकांत युक्रेन, अर्जेंटिना आणि हंगेरी होते. १९७४ मध्ये फोर्डच्या गाड्यांसाठी अमेरिकेशी भांडलेला अर्जेंटिना तोच.