प्रोसेसर ताटकळतो कुठे? कमी पैशात गेमिंगचा पीसी सुधारताना

२०१८-१९ च्या सुमारास जुळवलेले गेमिंगचे बरेचसे पीसी एकाच घडणीचे आहेत. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि त्या वेळी खिशाला झेपलं ते ग्राफिक्स कार्ड. आज नवे गेम चालवताना ही यंत्रं दमतात. मग लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात असो की ऑनलाइन, विचारणा सुरू होते ती ‘कुठला प्रोसेसर घेऊ?’ इथून. मला वाटतं, हा प्रश्न दुसरा यायला हवा. प्रोसेसर एकटा येत नाही. त्याचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची त्याची बैठक, ठरलेलं असतं, सॉकेटवरून बोर्ड ठरतो आणि बोर्डावरून रॅमचा प्रकार. या तिघांचा मिळून जो संच होतो, तो प्लॅटफॉर्म. खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. अनेक घरांत ही रक्कम पहिल्या पगारातली किंवा आईवडिलांनी बाजूला काढून ठेवलेली असते, म्हणून ती कशावर खर्च होते आहे हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी गेममध्ये प्रोसेसरचं काम काय ते पाहू. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमसाठी हाताशी १६.७ मिलिसेकंद असतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर जेमतेम ६.९. तेवढ्या वेळात तुम्ही कुठली कळ दाबली, शत्रू कुठे वळला, गोळी भिंतीला लागली की माणसाला, पडद्यावर काय काय दिसणार, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि आज्ञांची यादी ग्राफिक्स कार्डाकडे देतो. चित्र रंगवण्याचं काम कार्डाचं. दोघांतला जो मागे पडेल, त्याच्या चालीने गेम चालतो.

यातून घरबसल्या करता येणारी एक चाचणी निघते. १०८०पी म्हणजे १९२० × १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. पिक्सेल वाढले की कार्डाचं ओझं वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. तेव्हा तुमचा नेहमीचा गेम सुरू करा आणि रिझोल्यूशन मुद्दाम खाली आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नका. फ्रेम होत्या तिथेच राहिल्या, किंवा गर्दीच्या प्रसंगात गेम अडखळत राहिला, तर मात्र पुढचं वाचा.

प्रोसेसर मागे पडतो तो कशामुळे? ‘कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कमी आहेत’ हे उत्तर पटकन तोंडावर येतं. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब इथे लागू पडतो. कामाचा ४० टक्के भाग एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग अडीच पटीपलीकडे जाणार नाही. गेमचा मुख्य धागा (थ्रेड), म्हणजे क्रमाने चालणारी कामांची साखळी, बराचसा असाच असतो: आधी हालचाल ठरते, मग टक्कर तपासली जाते, मग चित्राच्या आज्ञा निघतात. म्हणून आजच्या बहुतेक गेमना सहा चांगले कोअर पुरतात आणि बारा मिळाले तरी फ्रेम दुप्पट होत नाहीत.

खरी अडचण मेमरीकडे आहे. ४.५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२२ नॅनोसेकंदाचा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सातेक सेंटिमीटरपुढे जात नाही. रॅमकडे एखादी गोष्ट मागितली तर ती हातात यायला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तीनशेहून जास्त ठोके. इतके ठोके आधुनिक प्रोसेसरला बाकीच्या कामात भरून काढता येत नाहीत, तो ताटकळतो. गेमचं जग हजारो लहान वस्तूंनी भरलेलं असतं, त्या मेमरीत विखुरलेल्या असतात आणि पुढची कुठली लागेल हे खेळाडूच्या हातावर अवलंबून असतं. त्यामुळे आधीच अंदाज बांधून माहिती आणून ठेवणंही दर वेळी जमत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली कॅशे मेमरी. रॅममध्ये एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर लागतो. कपॅसिटर गळका असल्याने त्यातला विद्युतभार पुन्हा पुन्हा भरावा लागतो. कॅशेमध्ये एका बिटासाठी सहा ट्रान्झिस्टर खर्ची पडतात. ती जागा खाते, महाग पडते, पण कोअरच्या शेजारीच असल्याने उत्तर पन्नासेक ठोक्यांच्या आत मिळतं.

आता त्या जुन्या २६०० कडे पुन्हा पाहा. त्याची तिसऱ्या पातळीची कॅशे १६ एमबी, पण दोन तुकड्यांत विभागलेली. तीन-तीन कोअरच्या प्रत्येक गटाच्या वाट्याला ८ एमबी येते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ५ ५६०० मध्येही सहाच कोअर आहेत, मात्र ३२ एमबी कॅशे एकसंध असून सहाही कोअरना ती सगळी वापरता येते. म्हणजे प्रत्येक कोअरच्या आवाक्यातली जवळची मेमरी चौपट झाली. कोअरची रचनाही तोवर दोन पिढ्या पुढे गेली होती, ते वेगळंच. नावात जवळचा वाटणारा ५५०० मात्र वेगळ्या घडणीचा आहे: कॅशे १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाला जोडणारी वाट) तिसऱ्या पिढीचं. थोडे पैसे वाचतात म्हणून गेमिंगसाठी तो घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

कॅशेचं महत्त्व ५८००एक्स३डी या प्रोसेसरने स्पष्टपणे दाखवून दिलं. तोही एप्रिल २०२२ चाच. रायझन बनवणाऱ्या एएमडीने मूळ चिपवर ६४ एमबी कॅशेचा आणखी एक थर चढवला आणि तांब्याला तांबं थेट भिडवून दोन्ही थर जोडले. एकूण कॅशे ९६ एमबी झाली. वरच्या थरामुळे उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो, म्हणून कमाल वेग ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरवावा लागला. तरीही गेममध्ये तो आपल्या ५८००एक्स या भावंडाच्या पुढे गेला. वेग कमी, ताटकळणं त्याहून कमी. हे वाचून मला आजही आनंद होतो, कारण संगणकाच्या पाठ्यपुस्तकातलं मेमरीच्या उतरंडीचं प्रकरण इथे थेट पडद्यावरच्या फ्रेममध्ये मोजता येतं.

एवढं लक्षात आलं की डीडीआर४ आणि डीडीआर५ मधला वादही निवळतो. डीडीआर४-३२०० सीएल१६ रॅमला स्तंभातली माहिती द्यायला लागणारा वेळ काढा: १६ ठोके, दर ठोका ०.६२५ नॅनोसेकंद, एकूण १०. डीडीआर५-६००० सीएल३० चा काढा: ३० ठोके, दर ठोका ०.३३३, पुन्हा १०. उत्तर येण्याची वाट दोन्हीकडे तेवढीच. रुंदी मात्र वेगळी. रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर डीडीआर४ सेकंदाला ५१.२ जीबी देते, डीडीआर५ ९६ जीबी. या रुंदीचा गेमना फायदा होतो, पण ‘डीडीआर४ आहे म्हणजे पीसी संपला’ असं म्हणण्याइतका नाही.

आणि सध्या रॅम हीच सर्वांत अवघड खरेदी झाली आहे. जगातली बहुतांश डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची भूक वाढली तसा त्यांचा माल तिकडे वळला आणि २०२५ च्या अखेरीस किरकोळ बाजारातल्या किमती भडकल्या. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा घरात १६ जीबी डीडीआर४ पडून असेल, तर प्लॅटफॉर्मचा निर्णय तिच्यापासूनच सुरू करा.

बोर्ड एएम४ चा, म्हणजे २६०० आणि ५६०० दोन्ही ज्यात बसतात त्या सॉकेटचा, असेल तर माझं उत्तर सरळ आहे: बोर्ड ठेवा, रॅम ठेवा, ५६०० बसवा. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी वाजवी किमतीत हाती लागला तर तो, पण नव्याने मिळणं आता कठीण आहे. ही सोय आपसूक मिळालेली नाही. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही असं सांगितलं होतं. ग्राहकांनी एवढा आवाज उठवला की त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. पुढे २०२२ मध्ये त्याहून जुन्या बी३५० आणि एक्स३७० बोर्डांनाही दार उघडलं. २०१७ सालच्या बोर्डावर २०२२ चा प्रोसेसर चालावा, ही इंटेलच्या सॉकेटांकडे पाहता दुर्मीळ गोष्ट आहे.

फक्त क्रम चुकवू नका. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचं. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला नेमका मॉडेल क्रमांक आणि नवा प्रोसेसर दोन्ही आहेत का ते तपासायचं. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला घट्ट धरून बसते. यंत्र थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल पीसीचं गणित वेगळं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या यादीत, मोजके अपवाद सोडले तर, हे प्रोसेसर नाहीत. (रायझनची पहिली पिढीही नाही, २६०० आहे.) इथे बोर्ड बदलावाच लागतो, पण डीडीआर४ वाचवता येते. एक वाट बी५५० बोर्ड आणि ५६०० ची, दुसरी एलजीए१७०० सॉकेटचा डीडीआर४ बोर्ड आणि कोअर आय५-१२४००एफ ची. दोन्ही प्रोसेसर उत्तम, दोन्ही सॉकेट आता पुढे वाढणारी नाहीत. ज्याचा संच स्वस्त पडेल तो घ्यावा. एलजीए१७०० वर पुढे तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरचा प्रोसेसर टाकायचा विचार असेल, तर त्यांतल्या अनेक मॉडेलमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप झिजण्याचा दोष निघाला होता हे ध्यानात ठेवा. २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, बायोसमार्फत मिळणारी) दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्त बायोसशिवाय ते चालवू नयेत. बाराव्या पिढीला हा दोष नाही.

अगदी शून्यातून सुरुवात असेल किंवा घरात डीडीआर३ चा जमाना असेल, तर वाचवण्यासारखं काही नसतं. तिथे एएम५, म्हणजे एएमडीचं एएम४ नंतरचं सॉकेट. रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००, सोबत साधा बी६५० बोर्ड. या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ, असा एएमडीचा शब्द आहे. त्याला डीडीआर५ च लागते, त्यामुळे आज रॅम जड जाईल, पण पुढच्या वेळी फक्त प्रोसेसर बदलून भागेल.

जुना बोर्ड ठेवणाऱ्यांनी कार्ड घेताना एक बारकावा पाहावा. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचं आहे आणि स्वस्त कार्डांत त्या वाटेवरच्या मार्गिका (लेन) कमी असतात. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० ला आठ मार्गिका आहेत. त्यांचं बहुतेक वेळा निभावतं. आरएक्स ६५०० एक्सटीला मात्र चारच, आणि मेमरी ४ जीबी. जुन्या बोर्डावर तिथे सेकंदाला जेमतेम ४ जीबीची वाट उरते आणि कार्डाची मेमरी भरली की गेम गचके खातो.

आणि खरेदीला निघण्याआधी बायोस उघडून रॅम कुठल्या वेगाने चालते आहे ते बघा. ३२०० ची पट्टी घेऊनही एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी बायोसमधली सोय) सुरू न केल्याने ती वर्षानुवर्षं २१३३ वर चालत राहते. दोन पट्ट्यांऐवजी एकच लावलेली असेल तर रुंदीही निम्मी होते. एक्सएमपी सुरू करायला पैसे लागत नाहीत. ते करून वरची रिझोल्यूशनची चाचणी पुन्हा घ्या आणि मगच दुकानदाराला भाव विचारा.